टपाली मतदान

टपाली मतदान म्हणजे मतदाराने मतदान केंद्रावरील यंत्राचे बटण न दाबता, स्वतंत्रपणे दिलेल्या कागदी मतपत्रिकेवर खूण करून ती बंद पाकिटातून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचविण्याची पद्धत होय. ज्या मतपत्रिकेवर असे मत नोंदविले जाते तिला टपाली मतपत्रिका आणि त्या मताला टपाली मत म्हणतात. भारतात हा अधिकार सर्व मतदारांना नाही. कायद्याने ठरविलेल्या काही वर्गांनाच तो मिळतो. मतदाराचे घर केंद्रापासून किती दूर आहे, यावर तो अवलंबून नसतो, तर मतदार कोण आहे आणि मतदानाच्या दिवशी कोणत्या कामावर आहे, यावर अवलंबून असतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत हा भेद विशेष स्पष्टपणे दिसतो.

शब्द आणि त्याचे अर्थ

'टपाल' या नामाला '-ई' प्रत्यय लागून 'टपाली' हे विशेषण बनते, जसे 'सरकार' पासून 'सरकारी'. हिंदीत यासाठी 'डाक मतपत्र' असा शब्द आहे. मराठीतही 'डाकघर' रूढ असले, तरी निवडणुकीच्या परिभाषेत 'टपाली' हेच रूप स्थिरावले आहे. 'टपालाद्वारे मतदान' असा विस्तारित प्रयोगही आढळतो. बोलण्यात मात्र दोन्ही शब्द मागे पडतात. निवडणुकीच्या कामावर जाणारे शिक्षक आणि ग्रामसेवक एकमेकांना 'तुमचे पोस्टल झाले का?' असेच विचारतात. तेथे 'पोस्टल' हे विशेषण राहत नाही, नामच बनते.

'टपाली मतदान', 'टपाली मतपत्रिका' आणि 'टपाली मत' हे तीन शब्द वृत्तपत्रांत पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. पहिला शब्द क्रियेचा, दुसरा कागदाचा आणि तिसरा मोजणीत धरल्या जाणाऱ्या एककाचा वाचक आहे. 'इतक्या टपाली मतपत्रिका आल्या' आणि 'इतकी टपाली मते वैध ठरली' या दोन विधानांतील आकडे वेगळे असतात. त्यांतील अंतर म्हणजे बाद झालेल्या मतपत्रिका. म्हणून हा भेद केवळ व्याकरणाचा नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आज टपाली मतदान या नावाखाली जे मतदान होते, त्याचा मोठा भाग टपाल खात्याच्या हाती जातच नाही. निवडणूक कर्मचारी सुविधा केंद्रात जाऊन मतपत्रिका पेटीत टाकतात. अतिवृद्ध मतदारांच्या घरी पथक येऊन मतपत्रिका घेऊन जाते. खऱ्या अर्थाने टपालाने प्रवास करतात त्या मुख्यतः सैनिकांच्या मतपत्रिका. शब्द जुन्या व्यवस्थेचा राहिला आणि व्यवस्था बदलत गेली.

कायदेशीर आधार

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६० मध्ये काही वर्गांच्या मतदारांसाठी मतदानाची विशेष पद्धत ठरविण्याची तरतूद आहे. तिचा तपशील निवडणूक संचालन नियम, १९६१ च्या तिसऱ्या भागात येतो. सैनिकी मतदार कोण, हे मात्र लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० वरून ठरते.

या तरतुदींनुसार टपाली मतदान करू शकणारे मतदार ढोबळपणे पुढीलप्रमाणे आहेत. राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री अशा घोषित पदांवरील व्यक्ती हे विशेष मतदार होत. त्यांची संख्या अत्यल्प असते. संघराज्याच्या सशस्त्र दलांतील व्यक्ती, ज्या दलांना सेना अधिनियमाच्या तरतुदी लागू केल्या आहेत त्यांतील व्यक्ती, आपल्या राज्याबाहेर सेवेत असलेले राज्य सशस्त्र पोलीस आणि परदेशातील भारत सरकारच्या कार्यालयांतील कर्मचारी हे सैनिकी किंवा सेवा मतदार. निवडणुकीच्या कामावर असलेले अधिकारी, कर्मचारी व पोलीस हा तिसरा वर्ग. यात मतदान प्रतिनिधींचाही समावेश होतो, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्यांनाही हा अधिकार आहे. मात्र शिक्षा भोगणाऱ्या किंवा न्यायालयीन कोठडीतील कैद्याला मतदानाचाच अधिकार नाही. शेवटचा वर्ग 'अनुपस्थित मतदार' हा २०१९ च्या नियमदुरुस्तीने आला. त्याचा विचार पुढे केला आहे.

सेवा मतदाराच्या सोबत राहणाऱ्या पत्नीलाही सेवा मतदार म्हणून नोंदविता येत असे, पतीला नाही. सैन्यात स्त्रिया येऊन दशके लोटल्यावर, २०२१ च्या निवडणूक कायदे (दुरुस्ती) अधिनियमाने 'पत्नी' ऐवजी 'जोडीदार' हा शब्द घातला.

सशस्त्र दलांतील मतदारांना २००३ पासून आपल्या मतदारसंघातील एखाद्या व्यक्तीमार्फत मत देण्याचा पर्यायही आहे. हे टपाली मतदान नव्हे. प्रतिनिधीमार्फत मतदान ही निराळी पद्धत आहे.

पाकिटे आणि घोषणापत्र

टपाली मतपत्रिकेसोबत मतदाराला घोषणापत्र (नमुना १३-अ), लहान पाकीट (नमुना १३-ब), मोठे पाकीट (नमुना १३-क) आणि सूचनापत्र (नमुना १३-ड) मिळते. मतदार आपल्या पसंतीच्या उमेदवाराच्या नावासमोर स्पष्ट खूण करतो व मतपत्रिका लहान पाकिटात बंद करतो. घोषणापत्रावर सही करून ती सक्षम अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेतो. नंतर बंद केलेले लहान पाकीट आणि सुटे घोषणापत्र अशी दोन्ही मोठ्या पाकिटात घालतो.

या पद्धतीमागील विचार साधा आहे. घोषणापत्रावर मतदाराची ओळख असते आणि मतपत्रिकेवर त्याचे मत असते. ही दोन्ही मोजणीच्या टेबलावर एकत्र उघडली जाऊ नयेत. म्हणून मोजणीच्या वेळी आधी मोठे पाकीट उघडून घोषणापत्र तपासतात, त्यावरील मतपत्रिकेचा अनुक्रमांक लहान पाकिटावरील क्रमांकाशी ताडून पाहतात आणि सर्व जुळले तरच ते पाकीट पुढे जाते. घोषणापत्र सापडले नाही, त्यावर सही वा साक्षांकन नसले किंवा क्रमांक जुळला नाही, तर लहान पाकीट उघडलेच जात नाही. मतदाराने आत कोणाला मत दिले हे कोणाला कळत नाही आणि ते मोजलेही जात नाही.

घोषणापत्र चुकून मतपत्रिकेसोबत लहान पाकिटातच बंद करणे ही यातील ठळक चूक. मतदाराच्या दृष्टीने सर्व कागद पाठविलेले असतात. नियमाच्या दृष्टीने घोषणापत्र आलेलेच नसते. पाकिटे उघडल्यानंतरही मतपत्रिका बाद होऊ शकते: तिच्यावर मत नसणे, एकाहून अधिक उमेदवारांपुढे खुणा असणे, मत कोणाला दिले हे निश्चित न कळणे किंवा मतदाराची ओळख पटेल अशी सही वा मजकूर असणे ही त्याची कारणे होत. जन्मभर विद्यार्थ्यांना 'उत्तरपत्रिकेवर नाव लिहू नका' असे बजावणारा शिक्षकही घाईत मतपत्रिकेवर सही करून बसू शकतो.

निवडणूक कर्मचारी

संख्येने मोठा आणि सर्वसामान्य वाचकाच्या परिचयाचा वर्ग हा निवडणूक कर्मचाऱ्यांचा आहे. त्यांना दोन पर्याय असतात. नेमणूक आपल्याच मतदारसंघात असेल, तर नमुना १२-अ भरून निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र (नमुना १२-ब) मिळते आणि ते दाखवून कामावर असलेल्या केंद्रावरच यंत्रावर मत देता येते. नेमणूक दुसऱ्या मतदारसंघात असेल, तर नमुना १२ भरून टपाली मतपत्रिका घ्यावी लागते.

चंद्रपूर-गडचिरोलीचा नकाशा समोर ठेवला की हा नियम चांगला उलगडतो. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु लोकसभेच्या मतदारसंघांनी ही सीमा पाळलेली नाही. गडचिरोली-चिमूर या अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघात गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी, गडचिरोली व अहेरी, चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी व चिमूर आणि गोंदिया जिल्ह्यातील आमगाव हे विधानसभा मतदारसंघ येतात. आता सिंदेवाहीची मतदार असलेली एक शिक्षिका धानोरा तालुक्यात नोकरी करते असे समजू. सिंदेवाही ब्रह्मपुरी विधानसभा मतदारसंघात आहे. लोकसभेला तिचे गाव आणि नेमणुकीचे केंद्र एकाच मतदारसंघात पडतात. तिला कर्तव्य प्रमाणपत्र पुरते. विधानसभेला तीच शिक्षिका त्याच शाळेतील केंद्रावर असली, तरी मतदारसंघ बदलतो आणि तिला टपाली मतपत्रिका लागते. मूलचा शिक्षक चामोर्शीला असेल, तर त्याला दोन्ही निवडणुकांत टपाली मतपत्रिकाच लागेल. कारण मूल हे बल्लारपूर विधानसभा आणि चंद्रपूर लोकसभा मतदारसंघात मोडते. आपण कोणता नमुना भरायचा, याविषयीचा गोंधळ बहुधा या ठिकाणी होतो.

गडचिरोलीत हा प्रश्न अधिक तीव्र होण्याचे कारण अंतर आणि सुरक्षितता. नक्षलवादाच्या सावटामुळे येथील बऱ्याच केंद्रांवर मतदान सकाळी ७ ते दुपारी ३ एवढ्याच वेळात उरकले जाते. दुर्गम केंद्रांची पथके मतदानाच्या काही दिवस आधी हेलिकॉप्टरने तळावर नेली जातात आणि तेथून पुढे चालत जातात. मतदानाच्या दिवशी अशा कर्मचाऱ्याला आपल्या गावी जाऊन मत देणे शक्यच नसते. एटापल्ली वा भामरागड तालुक्यातील केंद्रावर इतरांचे मतदान घेणाऱ्या माणसाचे स्वतःचे मत त्याआधीच पाकिटात बंद झालेले असावे लागते.

पूर्वी कर्मचारी मतपत्रिका घरी नेऊन मोजणीपूर्वी केव्हाही पाठवू शकत. मतपत्रिका दीर्घकाळ हाती राहिल्याने दबाव किंवा आमिष यांना वाव राहतो, असे निवडणूक आयोगाचे म्हणणे होते. ऑगस्ट २०२३ मध्ये नियम १८-अ घालण्यात आला. त्यानुसार निवडणूक कर्मचाऱ्याने प्रशिक्षणस्थळी वा अन्यत्र उभारलेल्या सुविधा केंद्रातच मतपत्रिका घ्यायची, तेथेच मत नोंदवायचे आणि तेथेच पेटीत टाकायचे. दुसऱ्या जिल्ह्यातील मतदारांच्या मतपत्रिका प्रशासन आपसांत देवाणघेवाण करून त्या त्या निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचविते.

हा बदल गोपनीयतेच्या दृष्टीने योग्यच आहे. त्याची दुसरी बाजू अशी की, प्रशिक्षणाच्या दिवशी मतपत्रिका आली नसेल किंवा नमुना १२ वेळेत पोहोचला नसेल, तर हाती उरणारे दिवस फार थोडे असतात. शिवाय टपाली मतपत्रिका दिली की मतदार यादीत नावापुढे तशी खूण होते. मग त्या मतदाराला केंद्रावर जाऊन यंत्रावर मत देता येत नाही.

बंदोबस्तावरील जवान

निवडणुकीच्या काळात या दोन जिल्ह्यांत बाहेरची अनेक दले येतात. एकाच नाक्यावर उभ्या असलेल्या दोन जवानांची मतदानाची वाट वेगळी असते. केंद्रीय राखीव पोलीस दलाचा बिहारमधील जवान हा सेवा मतदार आहे. त्याचे नाव त्याच्या गावच्या मतदारसंघातील सेवा मतदारांच्या यादीत असते. कोल्हापूरहून आलेला राज्य राखीव पोलीस दलाचा जवान राज्यातच सेवेत असल्याने सेवा मतदार ठरत नाही. त्याला निवडणूक कामावरील मतदार म्हणून नमुना १२ भरावा लागतो.

सेवा मतदारांच्या मतपत्रिका पूर्वी टपालाने जात आणि टपालाने परत येत. मतपत्रिका उमेदवारांची अंतिम यादी तयार झाल्यावरच छापता येते. सीमेवरच्या ठाण्यापर्यंतचा प्रवास होऊन ती मोजणीआधी परत येणे पुष्कळदा अशक्य होई. ऑक्टोबर २०१६ मधील नियमदुरुस्तीने यावर उपाय केला. आता कोरी मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठविली जाते. जवान संकेतांक वापरून ती उतरवून घेतो, छापतो, खूण करतो आणि पाकीट टपालाने परत पाठवितो. घोषणापत्र व पाकिटांवर क्यूआर कोड असतात. मोजणीच्या वेळी ते तपासून एकच मत दोनदा आले नाही ना, याची खात्री केली जाते. ही पद्धत प्रथम पुदुच्चेरीतील नेल्लिथोपे पोटनिवडणुकीत वापरली गेली. टपालाचा जाण्याचा प्रवास वाचला, येण्याचा राहिला.

तो येण्याचा प्रवास किती महत्त्वाचा आहे, हे २०२४ च्या तारखांवरून कळते. लोकसभेसाठी चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर येथे १९ एप्रिलला मतदान झाले आणि मोजणी ४ जूनला झाली; पाकिटाला मतदानानंतरही ४६ दिवस मिळाले. त्याच वर्षी विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला आणि मोजणी २३ नोव्हेंबरला होती. मोजणी सुरू होण्याच्या क्षणापर्यंत पोहोचलेली मतपत्रिकाच ग्राह्य धरली जाते. नंतर आलेले पाकीट न उघडता बाजूला ठेवतात.

घरून मतदान

ऑक्टोबर २०१९ मधील दुरुस्तीने ८० वर्षांवरील मतदार आणि लक्षणीय अपंगत्व असलेले मतदार यांना 'अनुपस्थित मतदार' म्हणून टपाली मतदान खुले झाले. मार्च २०२४ मध्ये वयाची मर्यादा ८५ करण्यात आली. अपंगत्वाची अट ४० टक्के आहे. आयोगाने अधिसूचित केलेल्या अत्यावश्यक सेवांतील कर्मचारीही या वर्गात येतात, पण त्यांनी टपाली मतदान केंद्रात जाऊन मत द्यायचे असते.

वृद्ध वा अपंग मतदाराने निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२-ड भरून द्यावा लागतो. पुढे मतदान अधिकाऱ्यांचे पथक पोलीस आणि चित्रीकरण करणाऱ्यासह घरी येते. उमेदवारांना आधी वेळापत्रक कळविलेले असते. त्यांचे प्रतिनिधी उपस्थित राहू शकतात. घरातच आडोसा करून मत नोंदविले जाते. मतदार भेटला नाही, तर पथक पुन्हा एकदा येते. त्यानंतर संधी राहत नाही.

लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत गडचिरोली जिल्ह्यात अशा एका पथकाने अहेरीहून सिरोंचापर्यंत १०७ किलोमीटरचा प्रवास केला. तेथे दोनच मतदार होते: एक १०० वर्षांचे आणि दुसरे ८६ वर्षांचे. दोन मतांसाठी एवढा प्रवास, याचे देशभर कौतुक झाले आणि ते रास्तही होते. मात्र हे मतदानही कायद्याच्या भाषेत 'टपाली मतदान'च होते. ज्या मतपत्रिकेसाठी अधिकारी जंगलातून शंभर किलोमीटर गेले, तिला टपाल खात्याचा स्पर्शही झाला नव्हता.

मतमोजणी

मोजणीची सुरुवात टपाली मतपत्रिकांनी होते आणि अर्ध्या तासाने यंत्रांची मोजणी हाती घेता येते. दूरचित्रवाणीवर सकाळी आठनंतर दिसणारे पहिले 'कल' हे याच मतांचे असतात. ते मुख्यतः सरकारी कर्मचारी आणि सैनिक यांचे असल्याने त्यांवरून निकालाचा अंदाज बांधणे धोक्याचे. पाकिटे तपासायला वेळ लागत असल्यामुळे टपाली मोजणी यंत्रांच्या मोजणीमागे पडत असे. त्यावर आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये सूचना दिली की, टपाली मोजणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांची उपान्त्य फेरी सुरू करू नये.

विजयाचे मताधिक्य बाद ठरलेल्या टपाली मतपत्रिकांपेक्षा कमी असेल, तर त्या बाद मतपत्रिका पुन्हा तपासणे बंधनकारक आहे. याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच घडले. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघात यंत्रावरील मोजणीत अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४ मते होती. म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांत वायकर यांना १,५५० आणि कीर्तिकर यांना १,५०१ मते मिळाली. वायकर ४८ मतांनी विजयी झाले. बाद ठरविलेल्या १११ टपाली मतपत्रिकांची फेरतपासणी झाली, पण निकाल कायम राहिला. साडेचार लाखांच्या दोन ढिगांमधील निवाडा शेवटी पाकिटांनी केला.

निवडणुकीबाहेरील वापर

हा शब्द राजकीय निवडणुकीपुरता मर्यादित नाही. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ११० नुसार भागधारकांचे काही ठराव टपाली मतदानाने संमत केले जातात. मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे आहे. संमेलनाध्यक्षांच्या निवडणुकीत घटक संस्थांच्या मतदारांना मतपत्रिका टपालाने पाठविल्या जात आणि त्या टपालाने परत मागविल्या जात. चंद्रपूर येथे २०१२ साली भरलेल्या ८५ व्या संमेलनाचे अध्यक्ष वसंत आबाजी डहाके हे या पद्धतीच्या काळातले. बडोद्याच्या २०१८ च्या संमेलनानंतर ही निवडणूक बंद झाली आणि महामंडळ एकमताने अध्यक्ष निवडू लागले.

इतर देशांत

सैनिकांच्या सोयीसाठी आलेली ही पद्धत अनेक देशांत पुढे सर्वांसाठी खुली झाली. ब्रिटनने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ च्या कायद्याने सैनिकांना टपाली मत दिले. आज तेथे कोणताही मतदार कारण न देता ते मागू शकतो. स्वित्झर्लंडमध्ये बहुसंख्य मतदार टपालानेच मत देतात. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९९८ पासून टपाल हाच मतदानाचा मुख्य मार्ग आहे. परदेशी वृत्तांतील 'टपाली मतदान' आणि भारतातील 'टपाली मतदान' हे म्हणून एकाच व्याप्तीचे शब्द नाहीत.

अधिकाराबाहेरील मतदार

परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव नोंदविता येते. पण मत देण्यासाठी त्याला स्वतः केंद्रावर यावे लागते. सैनिकांची इलेक्ट्रॉनिक पद्धत त्यांनाही लागू करावी, असा प्रस्ताव आयोगाने २०२० मध्ये मांडला होता.

चंद्रपूर-गडचिरोलीपुरता मोठा प्रश्न देशातल्या देशात स्थलांतर करणाऱ्यांचा आहे. मूल, सावली, सिंदेवाही, चामोर्शी या भागांतून भातकापणीनंतर अनेक मजूर कुटुंबे मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. २०१९ मध्ये ११ एप्रिलला आणि २०२४ मध्ये १९ एप्रिलला येथे लोकसभेचे मतदान झाले, ते या हंगामाच्या शेवटच्या दिवसांत. मजूर कोणत्याही वर्गात बसत नसल्याने त्यांना टपाली मतपत्रिका नाही. मजुरी बुडवून, गाडीभाडे खर्चून गावी यायचे किंवा मत सोडायचे, एवढेच त्यांच्या हाती राहते. त्याच गावातील शाळेवर निवडणुकीच्या कामासाठी आलेल्या परगावच्या शिक्षकाचे मत मात्र त्याआधीच पेटीत पडलेले असते.

स्थलांतरित मतदारांसाठी एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेता येईल, असा दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना आयोगाने १६ जानेवारी २०२३ रोजी राजकीय पक्षांसमोर ठेवला. स्थलांतरित कोणाला म्हणायचे, येथपासूनच पक्षांनी आक्षेप घेतले. २०२४ च्या दोन्ही निवडणुका त्या यंत्राविना झाल्या.